फाउंड्री स्ट्रीटवर जप्त झालेला रोल

मार्लो फॉल्स, ओहायो
१६ ऑक्टोबर २००६

प्रिय कोरिन,

तुझ्या वडिलांना पुरलं त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये एका म्हाताऱ्यानं तुला कोपऱ्यात गाठून ट्रामगाड्यांच्या ब्रेकबद्दल अर्धा तास पिडलं होतं, आठवतं? तो मी. एमिल ह्रुस्का, तुझ्या वडिलांचा चुलतभाऊ. तू फिलाडेल्फियात वकिली करतेस आणि पोलिसांना कोर्टात खेचतेस असं तुझी आत्या ज्याला त्याला सांगत असते. म्हणून हे पत्र.

गेल्या शनिवारी मी आणि तुझी लिडाकाकू इथल्या फाउंड्री स्ट्रीट स्टेशनवर गेलो होतो. आमच्या गावच्या लाल ट्रामगाड्या आता मोडीत निघणार, त्यांच्या जागी कसल्याशा काचेच्या पेट्या येणार आहेत. लाल गाड्यांचे हे शेवटचे दिवस. मी फलाटाच्या टोकाला ट्रायपॉड लावला, फोटो घेतला, आणि तेवढ्यात परिवहन मंडळाचा एक जाडजूड सुरक्षारक्षक आला. म्हणाला, "कॅमेरा बंद करा. इथे फोटोला बंदी आहे."

"कुणी घातली?"

"वरून हुकूम आहे."

अगं, मी लग्नाच्या आधीपासून त्या फलाटावर उभा राहतोय. मंडळाचा नियम घडी करून पाकिटात बाळगतो. त्यात स्वच्छ लिहिलंय की हौसेखातर फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही. तो कागद पुढे केला तर पठ्ठ्यानं वाचलासुद्धा नाही. "न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर सगळं बदललंय, आजोबा," म्हणे. त्यावर लिडा बाकावर टेकत म्हणाली, "अरे राजा, माझ्या पिशवीत हॅमची सँडविचं आहेत. तीपण जप्त कर, नाहीतर उडवून देऊ आम्ही स्टेशन."

तो काही हसला नाही. त्यानं आणखी दोघांना बोलावलं. आम्हाला आतल्या खोलीत दुपारभर बसवलं आणि कॅमेऱ्यातला रोल काढून घेतला. कॅमेरा परत दिला, रोल नाही दिला.

मला नुकसानभरपाई नको, माफी नको. फक्त तो रोल हवा आहे, आणि तोही लवकर. काय करावं ते कळव. फोन मात्र करू नकोस. टायरच्या कारखान्यानं माझे दोन्ही कान अर्धे खाल्लेत, फोनवर मला काही ऐकू येत नाही.

तुझा
एमिलकाका


फिलाडेल्फिया
२४ ऑक्टोबर २००६

प्रिय एमिलकाका,

ब्रेकबद्दलचं सगळं आठवतंय. खरं सांगू? त्या दिवशी माझ्याशी बाबांबद्दल न बोलणारे तुम्ही एकटेच होतात. फार बरं वाटलं होतं.

आता कामाचं. तुमचं काहीही चुकलेलं नाही. सगळ्यांना मोकळ्या असलेल्या जागी जे डोळ्यांनी दिसतं त्याचा फोटो घेता येतो. तुम्ही कुणाच्या वाटेत आलात तर ते तुम्हाला बाजूला व्हा म्हणू शकतात, फार तर फलाटावरून जा म्हणू शकतात. पण न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय तुमच्या कॅमेऱ्यातला रोल काढून घ्यायचा हक्क त्यांच्या बापालाही नाही. आणि तो "वरचा हुकूम" मी मागवला तर मंडळाच्या वकिलाला सापडेना. कुठे लिहिलेलाच नाही! कुणीतरी कुणाला तरी तोंडी सांगितलं आणि सगळे त्याला कायदा समजून चाललेत.

काका, मी अशाच माणसाच्या शोधात होते. तुमच्याच गावात गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याला धरलं, मग एका आईला, ती आपल्या मुलाचा फोटो घेत होती. दोघांचेही डिजिटल कॅमेरे. रक्षकांनी समोर उभं राहून फोटो पुसायला लावले. पुसल्यावर काय सिद्ध करणार? तुमचा रोल मात्र अजून त्यांच्याच कपाटात आहे. तुम्ही जुन्या वळणाचे आहात हे किती छान झालं!

तेव्हा लढू या. रोलची घाई कशाला? गाड्यांचे फोटो तुमच्याकडे पोत्यानं असतील.

कोरिन


मार्लो फॉल्स
३ नोव्हेंबर २००६

प्रिय कोरिन,

पोत्यानं नाही, खोक्यांनी आहेत. तळघरात पाय ठेवायला जागा नाही. लिडा म्हणते, तू मेल्यावर तुला त्या खोक्यांतच घालून पुरून टाकते, वेगळी पेटी कशाला.

तुझं पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. "बापाच्या हक्का"वर ती खूप हसली. पण काल मंडळाच्या कचेरीतून एक बाई आली होती. चांगली होती, बूट काढून आत आली. तिनं सांगितलं की मी एका कागदावर सही करावी: फोटो काढला ही माझी चूक झाली आणि यापुढे मंडळाच्या हद्दीत कॅमेरा आणणार नाही. सही केली की त्याच दिवशी रोल परत.

मी सही करावी म्हणतो. आमच्या ट्रामवेड्यांच्या क्लबचा स्लाइड शो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. पडद्यावर दाखवायच्या स्लाइडचे रोल आता इथे कुणी धूत नाही, कॅन्ससला पाठवावे लागतात. म्हणजे हाताशी दिवस थोडेच. आणि तसंही माझे पाय आता किती वर्षं त्या फलाटावर उभे राहणार?

लिडाला जरा बरं नाही. थंडी लागली की तिचं असं होतं.

एमिलकाका


फिलाडेल्फिया
९ नोव्हेंबर २००६

प्रिय एमिलकाका,

सही करू नका! पेन लपवून ठेवा, पाहिजे तर लिडाकाकूकडे द्या.

तुम्ही फोन करू नको म्हणालात, तरी मी केला. काकूंनी उचलला. मी म्हटलं, काका सही करायला निघालेत, त्यांना थांबवा. तर म्हणाल्या, "तो? सही? अगं, एकदा बर्फात एका गाडीची वाट बघत उभा राहिला आणि पायाचं नख गमावून आला. मला विचारल्याशिवाय हा सही कसली करतोय!" मग खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं आल्याचा चहा घ्या. म्हणाल्या, "घेते हो, सगळं काही घेते मी हल्ली." किती गोड हसतात! अक्रोडाच्या पावाची कृती सांगेन म्हणाल्यात. मी त्याचा हट्ट धरून बसणार आहे.

काका, तुमचे फोटो मला महत्त्वाचे वाटत नाहीत असं समजू नका. पण तुम्ही सही केलीत तर उद्या त्याच फलाटावर दुसऱ्या कुणाला तरी तोच कागद दाखवतील आणि म्हणतील, बघा, त्या म्हाताऱ्यानं मान्य केलं. क्लबवाल्यांना या वर्षी जुन्याच स्लाइड दाखवा. एक शो चुकला म्हणून काय बिघडतं?

कोरिन


मार्लो फॉल्स
२० नोव्हेंबर २००६

प्रिय कोरिन,

सही केली नाही. तू म्हणतेस तेच लिडा म्हणते, आणि तुम्ही दोघी एक झालात तर माझं काय चालणार?

एक विचारतो. न्यायाधीशांना जरा घाई करा असं सांगता येतं का? खटला चालू दे, पण रोल आधी द्या, असं? तुला कारण द्यावं लागेल हे समजतं. कारण एवढंच लिही की अर्जदार म्हातारा आहे.

एमिलकाका


फिलाडेल्फिया
१ डिसेंबर २००६

प्रिय एमिलकाका,

फेब्रुवारीची तारीख मिळाली! न्यायाधीश बाई आहेत आणि कडक आहेत.

रोल आधी मागितला असता तर मंडळानं तो लगेच दिला असता आणि म्हटलं असतं, झालं, आता भांडण कशाला? आपला सगळा जोर त्या रोलवर आहे. म्हणून मी तसा अर्ज केला नाही. रागावू नका. तुमच्या क्लबमधले डेल वॉटकिन्स साक्षीला येणार आहेत. फोनवर त्यांनी मलाही ब्रेकबद्दल सांगितलं.

नाताळच्या शुभेच्छा. काकूंना म्हणावं, पावाची कृती अजून आली नाही.

कोरिन


मार्लो फॉल्स
११ जानेवारी २००७

प्रिय कोरिन,

लिडा गेली. नाताळच्या आधीच्या गुरुवारी, घरीच.

तुझ्यावर राग नाही असं लिहायला बसलो होतो. पण खोटं कशाला लिहू, राग आहे. तुझ्यावर आहे, त्या जाड्या रक्षकावर आहे, तिच्यावर आहे आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर आहे. तुला मी काहीच सांगितलं नव्हतं, मग तुझा दोष तरी काय? पण राग असा हिशेब बघून थोडाच येतो.

तिच्या फुप्फुसांत गाठ होती. उन्हाळ्यातच कळलं होतं. कुणाला सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली होती. "लोक भांडंभर सूप घेऊन येतात आणि बसून राहतात," म्हणाली. "मला नकोय ते."

आता त्या शनिवारचं खरं ऐक.

आमच्या क्लबात एक रीत आहे. फोटोत गाडी हवी, माणूस नको. स्लाइड शोमध्ये कुणाच्या चित्रात टोपी दिसली, कोपर दिसलं, की सगळे म्हातारे एका सुरात ओरडतात: "माणूस!" आणि ज्याची स्लाइड असेल तो लाजतो. चित्र रिकामं असलं की म्हणतात, "साफ!" आमच्यात त्याहून मोठी शाबासकी नाही. त्यासाठी फलाट रिकामा व्हायची वाट बघायची, प्रवाशांना हातानं बाजूला व्हा म्हणायचं. लिडा जन्मभर माझ्याबरोबर आली. थर्मास तिच्याकडे, सँडविचं तिच्याकडे. गाडी दिसली की मी म्हणायचो, "लिडा, बाजूला." नंतर नंतर म्हणावंही लागायचं नाही. लग्नातले फोटो आहेत, नातेवाइकांनी घेतलेले आहेत. पण माझ्या कॅमेऱ्यानं घेतलेल्या हजारो चित्रांत ती एकाही चित्रात नाही.

त्या शनिवारी सकाळी कॉफी पिताना ती म्हणाली, "एमिल, मला एकदा तुझ्या गाडीबरोबर घे ना. आणि स्लाइड शोला दाखव. ओरडू देत त्या म्हाताऱ्यांना माझ्या नावानं. मला ऐकायचंय."

तिनं निळा कोट घातला, लिपस्टिक लावली, औषधानं केस गेले होते म्हणून रुमाल बांधला. मी तिला फलाटाच्या कडेपासून चार पावलं आत, उन्हात उभं केलं. पहिल्यांदा कॅमेरा माणसावर लावला, कोरिन. "हलू नकोस," म्हणालो. मग लांबून कळ दाबायची कॅमेऱ्याची तार हातात धरून बाजूला उभा राहिलो आणि गाडी यायची वाट पाहिली. गाडी आली, बरोबर जागेवर आली, मी कळ दाबली. गाडी गेली तेव्हा लिडा माझ्याजवळ होती. गार पडलेला हात तिनं माझ्या खिशात घातला. तेवढ्यात तो रक्षक आला.

खोलीत बसलो होतो तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "देऊन टाक रे रोल. जाऊ घरी." मी दिला नाही, वाद घालत बसलो. त्यांनी तो हिसकावूनच घेतला. आणि तिनंच पुढे मला सही करू दिली नाही. म्हणाली, "तू त्या फलाटावर जायचा बंद झालास तर मी कुणाबरोबर जाऊ?"

शेवटच्या आठवड्यात रोज विचारायची, "आला का रे?"

एमिल


फिलाडेल्फिया
१७ जानेवारी २००७

प्रिय एमिलकाका,

तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं आणि तिथेच रडले. मी काकूंना आल्याचा चहा घ्या म्हणाले होते. "एक शो चुकला म्हणून काय बिघडतं" असं लिहिलं होतं. आता ते पत्र तुमच्याकडून परत मागून फाडून टाकावंसं वाटतं.

तुम्ही घाई करा म्हणालात तेव्हा मी का म्हणून विचारायला हवं होतं. वकील सगळ्यांना प्रश्न विचारतात. मी तुम्हाला एकही विचारला नाही, कारण तुमच्यात मला माझा खटला दिसत होता.

आज सकाळीच मंडळाच्या वकिलाला सांगितलं: रोल द्या, आम्ही सगळं सोडतो. त्यांना काय झालंय तेही सांगितलं. तुम्ही फक्त हो म्हणा.

कोरिन


मार्लो फॉल्स
२३ जानेवारी २००७

प्रिय कोरिन,

सोडू नकोस. आता घाई कुणासाठी? तिनं अडवलेली सही मी तिच्या पाठीमागे करणार नाही.

मागच्या पत्रात रागाचं लिहिलं ते लिहून टाकल्यावर राग थोडा उतरला. तूही रडू नकोस. नीट जेवत जा.

रोल मिळाला की माझ्याकडे पाठवू नकोस. माझ्यात ते पाकीट उघडायची ताकद नाही. तूच कॅन्ससला पाठवून धुऊन घे, आधी तू बघ. लिडाचे डोळे फोटोत नेहमी मिटायचे, आमच्या लग्नाच्या फोटोतही मिटलेलेच आहेत. तेवढं बघून कळव. मिटलेले असले तरी चालेल.

एमिलकाका


फिलाडेल्फिया
१९ एप्रिल २००७

प्रिय एमिलकाका,

निकालाची बातमी तुम्हाला डेलकाकांकडून समजलीच असेल. आपण जिंकलो. रोल बेकायदा घेतला हे मंडळाला मान्य करावं लागलं आणि प्रत्येक स्टेशनवर आता पाटी लागणार आहे की इथे फोटो काढता येतात.

रोल धुऊन आला आहे. माझ्याकडे येऊन आठवडा झाला. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. रोल खराब निघाला, धुताना बिघडला, असं तुम्हाला कळवायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. तुम्ही विश्वास ठेवला असता. पण एकदा न विचारून तुमचं नुकसान केलं, आता खोटं सांगून करणार नाही.

चित्र उत्तम आलं आहे. लाल गाडी, तिच्यावर ऊन, वरचा नंबर वाचता येतो इतका स्पष्ट. फलाट रिकामा आहे.

काकू त्यात नाहीत. डाव्या कडेला, अगदी खाली, बोटभर निळं दिसतं. भिंग लावून पाहिलं. कोटाची कड आहे. मी बाकीची सगळी चित्रंही पाहिली. त्यांत फक्त गाड्या आहेत.

मला वाटतं, गाडी आली तेव्हा त्या सवयीनं बाजूला झाल्या.

काका, मी शनिवारी विमानानं येऊ का? नको म्हणालात तरी येणार आहे.

तुमची
कोरिन


मार्लो फॉल्स
६ मे २००७

प्रिय कोरिन,

तू येऊन गेलीस ते बरं झालं. तू केलेला अक्रोडाचा पाव दगडासारखा झाला होता, पण मी कॉफीत बुडवून संपवला. तू होतीस तेव्हा मला त्या चित्राबद्दल काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

तुझं बरोबर आहे. ती बाजूला झाली. मी तिच्याकडे बघत नव्हतो, गाडीकडे बघत होतो. कळ दाबताना गाडीचं तोंड कुठे आलंय ते बघावं लागतं, आम्ही सगळे तसंच करतो. मी एकदा, फक्त एकदा, मान वळवून तिच्याकडे बघायला हवं होतं. तार हातात होती, कॅमेऱ्याला डोळा लावायचीही गरज नव्हती. गाडी काय, पुढची आली असती.

रात्रंदिवस तिच्याशी भांडतो मी. म्हणतो, लिडा, जन्मभर तुला बाजूला हो म्हणालो ते इमानानं ऐकलंस. एकदा हलू नकोस म्हणालो, तेवढं ऐकायला काय झालं होतं गं तुला? आणि मग स्वयंपाकघरात एकटाच रडतो. फार एकटं वाटतं, कोरिन. घर खायला उठतं.

शुक्रवारी क्लबचा वसंतातला शो होता. जाणार नव्हतो. पण तिनं दाखव म्हटलं होतं, म्हणून ती स्लाइड खिशात घालून गेलो. जाताना फाउंड्री स्ट्रीटवर उतरलो. तुझी पाटी लागली आहे, छान ठळक अक्षरात आहे. एक मुलगी तिच्याखाली उभी राहून मैत्रिणीचा फोटो घेत होती आणि तोच जाडा रक्षक त्यांच्या मागून मुकाट निघून गेला. लिडा असती तर त्याला सँडविच दिलं असतं.

हॉलमध्ये माझी पाळी आली. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. दिवे मालवले, पडद्यावर लाल गाडी आली. एवढी मोठी, उन्हातली. मग कुणीतरी म्हणालं, "साफ!" आणि सगळा हॉल ओरडला, "साफ! साफ!" टाळ्या वाजल्या. डेलनं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "एमिल, तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र. एक कुत्रंसुद्धा नाही त्यात."

मी डाव्या कडेकडे बघत होतो. पडद्यावर ते निळं तळहाताएवढं दिसतं. मला वाटलं, आता कुणीतरी बघेल. आता कुणीतरी ओरडेल. मी खूप वेळ थांबलो. टाळ्या थांबल्या, खुर्च्या करकरायला लागल्या. कुणीच ओरडलं नाही.

शेवटी डेल माझ्या कानाशी म्हणाला, "एमिल, दिव्याच्या उष्णतेनं स्लाइड जळेल रे. पुढची लाव."

मी पुढची लावली.

तुझा
एमिलकाका